हुक्का पार्लर

हुक्का भरून देणारे व तो बसून ओढण्याची सोय करणारे उपाहारगृह. हुक्का बार, हुक्का लाउंज, शिशा कॅफे ही त्याचीच नावे. ‘बार’ म्हटले तरी पुष्कळ ठिकाणी मद्य मिळत नाही. अशा जागांचा उगम सांगताना लेखक बहुधा हुक्क्याच्या उगमाकडे वळतात. उपकरणाचे कूळ आणि बैठकीचे कूळ मात्र एक नाही.

‘हुक्का’ हा शब्द मूळ अरबी. अर्थ डबी किंवा लहान भांडे. पाण्याच्या भांड्याचे हे नाव पुढे सबंध उपकरणाला लागले. तुर्की ‘नर्गिले’ फार्सी ‘नारगील’वरून, म्हणजे नारळावरून आला आणि ‘नारगील’चा संबंध संस्कृत ‘नारिकेल’शी लावला जातो, तेव्हा आपला नारळ व इस्तंबूलचा नर्गिले हे दूरचे भाऊबंद ठरतात. ‘शिशा’ म्हणजे फार्सीत काच. मराठीतली शिशी त्याच घरची. इराणात रूढ असलेले ‘कल्यान’ हे नाव उकळण्याच्या अर्थाच्या अरबी धातूपासून साधतात. नावांवरून एवढेच दिसते, की नारळाच्या कवचाचा हुक्का काचेच्या हुक्क्याहून जुना असावा. शोध कोठे लागला, हे त्यांवरून ठरत नाही.

प्रचलित कथेप्रमाणे अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फत्ह गीलानी याने धूर पाण्यातून नेऊन शुद्ध करण्याची युक्ती काढली. कथेतली अडचण कालक्रमाची आहे. गीलानी १५८९ मध्ये वारला. तंबाखू अकबरासमोर आली ती त्याचा दरबारी असद बेग याने विजापूरहून आणली तेव्हा, म्हणजे सुमारे १६०४–०५ मध्ये. असद बेगने त्या प्रसंगाचे वर्णन स्वतः लिहून ठेवले आहे : सुमात्रा बेटावरील अचिनहून आलेली तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने व मीनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक आणि निखाऱ्यासाठी सोन्याचे पात्र. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. दरबारच्या तेव्हाच्या हकिमाने हे अपरिचित औषध म्हणून हरकत घेतली. या तपशिलात पाण्याच्या भांड्याचा स्पष्ट उल्लेख नाही, ही गोष्ट कथेच्या समर्थकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. दख्खनमध्ये तंबाखू त्याआधीच रुळली होती. ती पोर्तुगीज व्यापारातून आली, हे सामान्यतः मान्य आहे.

दुसरा पक्ष इराणकडे बोट दाखवतो. अहली शिराझी (मृत्यू १५३५) या कवीच्या नावावर असलेल्या एका रुबाईत, म्हणजे चार ओळींच्या कवितेत, कल्यानचा उल्लेख येतो. ती रुबाई खरोखर त्याचीच असेल, तर हुक्का तंबाखूच्या आधीचा ठरतो आणि त्यात दुसरे काहीतरी ओढले जात असणार. तिसरा पक्ष पूर्व आफ्रिकेचा. इथिओपियातील लालिबेला नावाच्या गुहेत सापडलेल्या चिलमींच्या भांड्यांचा काळ चौदाव्या शतकाच्या आसपासचा धरला जातो व त्यांत भांगवर्गीय वनस्पतीचे अंश आढळले. ही भांडी पाण्याच्या नळीचीच होती, हे मात्र अनुमान आहे. सध्याच्या पुराव्यावर, धूर पाण्यातून ओढण्याची कल्पना तंबाखूहून जुनी असणे अधिक संभवनीय वाटते. आज दिसणारी घडण मात्र सतराव्या शतकात हिंदुस्थान व इराण यांच्या देवाणघेवाणीतून आली असावी. बिदरी कामाचे, जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवलेले गोल बुडाचे हुक्के याच शतकापासून मिळतात. घंटाकृती बूड अठराव्या शतकातले.

बैठकीचे कूळ कॉफीगृहाचे. पेचेवी या उस्मानी (ऑटोमन) इतिहासकाराच्या मते अलेप्पो व दमास्कसच्या दोघांनी १५५४–५५ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने थाटली; तंबाखू तेथे १६०० च्या आगेमागे पोहोचली. १६३३ मध्ये मोठ्या आगीनंतर सुलतान चौथ्या मुरादने तंबाखूवर बंदी आणून कॉफीगृहे बंद केली. त्या काळी लांब दांड्याची कोरडी चिलीमच अधिक चालत होती, पाण्याचा हुक्का तिच्या मागून स्थिरावला. इस्तंबूलमधील तोफाने हा भाग मातीच्या चिलमींसाठी, तर ‘मार्पुच्चुलर’ ही गल्ली हुक्क्याच्या नळीच्या कारागिरांमुळे ओळखली गेली. मार्पूच म्हणजे नळी. मूळ फार्सी शब्दात साप आणि वेटोळे असे दोन्ही अर्थ आहेत.

इराणमधील १८९१ ची तंबाखू चळवळ हा हुक्क्याच्या इतिहासातील अनपेक्षित अध्याय. तंबाखूच्या व्यापारातील परकीय मक्तेदारीविरुद्ध मिर्झा शिराझी या शिया धर्मगुरूंच्या नावे फतवा निघाला आणि कल्यान बाजूला ठेवले गेले. शहाच्या जनानखान्यातही ते पाळले गेल्याचे सांगतात. १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला.

विसाव्या शतकात सिगारेटमुळे हुक्का म्हाताऱ्यांच्या कट्ट्यापुरता उरला होता. त्याला पुन्हा वर आणले ते मुअस्सलने : काकवी किंवा मध, ग्लिसरीन व फळांचा वास मिसळलेली ओलसर तंबाखू. १९९० च्या दशकात ती अरब देशांतून सर्वत्र पसरली. जुन्या पद्धतीत निखारा थेट भिजवलेल्या पानांवर ठेवतात. मुअस्सलमध्ये मधे भोके पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो, त्यामुळे तंबाखू जळण्याऐवजी शिजते. धूर गोड लागतो, घशाला टोचत नाही. तरुण गिऱ्हाईक मिळाले ते यामुळे. काहिरातील कॉफीगृहांपासून लंडनच्या एजवेअर रोडपर्यंत बैठकीचा थाट सारखाच : बुटकी मेजे, मध्ये एक हुक्का, चिमट्यात निखारा घेऊन फिरणारा पोऱ्या आणि राख झटकून उजळलेला लाल गाभा. नळी दुसऱ्याच्या हातात थेट देत नाहीत; मेजावर ठेवतात, मग तो उचलतो. एका बैठकीला तासभर सहज जातो.

पाण्याने धूर शुद्ध होतो, हा समज टिकून आहे. पाणी धूर थंड करते आणि निकोटिनचा काही भाग धरते. कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून तसाच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या टिपणात हा धोका मांडला. बंदिस्त जागेतील धूम्रपानबंदी इंग्लंडमध्ये २००७ पासून, तर तुर्कस्तानच्या कॉफीगृहांना २००९ पासून लागू झाली; मालकांनी हुक्के अंगणात किंवा उघड्या छताखाली हलवले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये धूम्रपानाच्या राखीव जागेत हुक्क्याला मुभा दिली होती. पुढे गुजरात (२०१७) व महाराष्ट्र (२०१८) यांनी कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरच बंद केली.