सोळाचा हिशेब

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तोळ्याचा भाव विचारला, की आज 10 ग्रॅमचा भाव कळतो. मूळ तोळा 11.66 ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या जुन्या पाच तोळ्यांच्या असतील, तर आता त्या जवळजवळ सहा तोळे भरतात. नाव तेच राहिलं, वजन मात्र बदललं.

शेराला किलोग्रॅमच्या मापात बसवायचा प्रयत्न 1871 च्या कायद्यात झाला होता, पण तो अमलात आलाच नाही. पुढे 1939 च्या कायद्याने 180 ग्रेनचा, म्हणजे हाच 11.66 ग्रॅमचा तोळा आणि 80 तोळ्यांचा शेर ठरवला, तोही ब्रिटिश मुलखापुरता. बाजारपेठ बदलली की मण बदलायचा. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा देशभर एक माप असावं ही गरज उघड दिसत होती.

तरी जुन्या मापांना गबाळी म्हणणं मला पटत नाही. शेराचे सोळा छटाक, रुपयाचे सोळा आणे. जिन्नस शेराला तीन रुपये असेल तर छटाकाला तीन आणे. आकडेमोड करायलाच नको. अर्ध्याचं अर्धं करत शेरावरून अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक इथवर उतरता यायचं, आणि त्यासाठी तराजूची दोन पारडी पुरेशी होती. शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे) घोकून घेत, ती याच बाजारासाठी.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि ही जोडी तुटली. तीन आण्यांचे होतात पावणेएकोणीस नये पैसे. सरकारी तक्त्यात ते 19 धरले. शेर मात्र अजून सोळाचाच होता. नाणं दहाचं आणि वजन सोळाचं, हा मधला काळ गिऱ्हाइकाला सगळ्यात जड गेला असणार. वजनमापांचा कायदा 1956 मध्येच झाला होता. ऑक्टोबर 1958 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि 1 एप्रिल 1962 पासून व्यापारात किलो सक्तीचा झाला. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेलाही मण सोडून क्विंटल धरावा लागला.

शेर 933 ग्रॅमचा, म्हणजे किलोच्या जवळचा. त्यामुळे बदल पचला, आणि भाजीवाल्या मावशींचा पावशेर गुपचूप 250 ग्रॅमचा झाला. पायलीचं तसं झालं नाही. ते धान्य मोजायचं माप, वजन नव्हे. शीग लावून भरलं की सपाट, यावर देणाऱ्याचं मन कळायचं. काट्यावर शीग लागत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

जमिनीचं निराळंच. सातबारावर हेक्टर-आर लिहितात, पण भावाभावांत वाटणी होते ती गुंठ्यांत. 33 फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 101 चौरस मीटर आणि थोडं वर. आर 100 चौरस मीटरचा, म्हणजे आर आणि गुंठा जवळपास सारखेच. तरी पंचगंगेकाठी "तुमचं रान किती?" याचं उत्तर आरमध्ये कुणी देत नाही. आणि ऊस तुटून गेला, की पहिला प्रश्न येतो, "एकरी किती टन पडला?" त्यातला टन मेट्रिक, एकर इंग्रजांचा.