पऱ्हाटीवरचा फवारा आणि आर्सेनिकम ३०

जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोरोनाला प्रतिबंध म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध सुचवलं. पुढच्या काही महिन्यांत विदर्भातल्या गावोगावी त्या गोड गोळ्यांच्या डब्या वाटल्या गेल्या. कोरोना ओसरला, पण एक समजूत आणखी पक्की झाली. होमिओपॅथीचा गुण हळू येतो, पण मुळापासून येतो, आणि अपाय तर काहीच नाही. ही समजूत तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारणाऱ्याला दोन गोष्टी चांगल्या ठाऊक असतात : पंपात औषध किती टाकायचं, आणि कीड फवाऱ्याने गेली की पावसाने, हे कसं ओळखायचं. तेवढं इथे पुरतं.

आधी मात्रा. रसशोषक किडींसाठी १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिड १० लिटर पाण्याला २.५ मिली टाकतात, म्हणजे चार हजार भाग पाण्याला एक भाग औषध. कमी पडलं तर तुडतुडे तगतात. जास्त झालं तर त्याचा त्रास फवारणाऱ्यालाही होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली. विष पोटात गेलं काय आणि कातडीतून शिरलं काय, जास्त पदार्थाचा परिणाम जास्त आणि कमी पदार्थाचा कमी. युरियाचं तसंच, पॅरासिटामॉलचं तसंच. होमिओपॅथीत मात्र हा नियम उलटा मानतात : औषध जितकं पातळ तितकं जोरदार. म्हणून तिथे ‘२००’ ही ‘३०’ पेक्षा वरची पोटेन्सी, म्हणजे ताकद.

‘३०’ म्हणजे काय? मूळ पदार्थाचा एक भाग घ्यायचा, ९९ भाग पाणी-अल्कोहोल घालायचं, बाटली ठरावीक वेळा आपटून हलवायची. ही पहिली पायरी. त्यातला एक भाग काढून पुन्हा ९९ भागांत घालायचा, ही दुसरी. असं तीस वेळा. पाण्यात न विरघळणारा पदार्थ असेल तर सुरुवातीच्या पायऱ्या दुधाच्या साखरेत खलून करतात, गणित तेच राहतं. शेवटच्या बाटलीतलं द्रावण साखरेच्या गोळ्यांवर टाकायचं आणि गोळ्या वाळू द्यायच्या.

आर्सेनिकम अल्बम म्हणजे सोमल, आर्सेनिकचं विषारी संयुग. एक ग्रॅम सोमल घेऊ आणि त्यातला कणही फेकायचा नाही असं ठरवू. मग दर पायरीला किती पाणी लागेल? पहिलीला शंभर मिली, दुसरीला दहा लिटर. दुसऱ्याच पायरीला आपण कपाशीच्या फवाऱ्यापेक्षा पातळ झालो. तिसरीला हजार लिटरची टाकी. चौथीला एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. इथे थोडं थांबू. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं, आणि ते प्रमाण जवळपास या चौथ्या पायरीचं आहे. पिण्यालायक ठरलेल्या हातपंपाच्या पाण्यात जेवढं आर्सेनिक चालवून घेतात, त्याहून कितीतरी कमी ‘३०’ च्या गोळीत असणार, हे इथेच ठरलं.

पुढे जाऊ. पाचव्या पायरीला एक कोटी लिटर, म्हणजे ३० बाय ३० बाय ३ मीटरची, उतरत्या काठांची साधारण साडेचार शेततळी. सहावीला एक दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. धरणाच्या बातम्यांत वाचतो तोच दलघमी. आठवीला दहा हजार दलघमी. गोसीखुर्द धरणाचा एकूण साठा साडेअकराशेच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ नऊ गोसीखुर्द आणि त्यांत मिळून एक ग्रॅम सोमल. बाराव्या पायरीला समुद्र, बर्फ, भूजल धरून पृथ्वीवर जेवढं पाणी आहे त्याच्या सुमारे पाऊणपट लागतं. आता रेणू मोजू. वजनावरून रेणू मोजायच्या ॲव्होगाड्रोच्या आकड्याने एक ग्रॅम सोमलात सुमारे ३ वर २१ शून्यं इतके रेणू भरतात. बाराव्या पायरीचं पाणी १ वर २४ शून्यं इतके मिली. म्हणजे साधारण ३३० मिलीत एक रेणू, आणि गोळ्यांच्या एका कुपीवर तर काही थेंबच पडतात. तिसाव्या पायरीला लागणाऱ्या पाण्याचा गोळा केला तर त्याचा व्यास १३० प्रकाशवर्षं होईल. त्यातला एक रेणू पोटात जावा म्हटलं तर सव्वादोन लाख सूर्यांएवढं पाणी प्यावं लागेल.

सोमल औषध नाही असं मात्र कुणी समजू नये. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर ते आधुनिक वैद्यकात शिरेतून देतात, किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, आणि सोबत ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं. पदार्थ असला की परिणाम असतो, आणि मग दुष्परिणामही असतो. हेच होमिओपॅथीच्या ‘क्यू’ थेंबांना, म्हणजे मूळ अर्काला, आणि अगदी खालच्या पोटेन्सींना लागू आहे. त्यांत पदार्थ खरोखर असतो, तेव्हा ‘अपाय नाही’ हे वाक्य तिथे डोळे झाकून वापरू नये.

पाण्याला आठवण राहते, असं उत्तर यावर देतात. पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात, तुटतात आणि नव्याने जुळतात. शिवाय गोळी वाळली की पाणी उडून जातं. उरते ती साखर.

होमिओपॅथीचा जनक हानेमान याने हे १७९६ ते १८१० या काळात मांडलं. ॲव्होगाड्रोची कल्पना आली १८११ मध्ये आणि रेणूंच्या आकाराचा पहिला बरा अंदाज १८६५ मध्ये, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. त्याच्या काळचे डॉक्टर रोग्याचं रक्त काढत, पारा पाजत. त्यापुढे काहीच न देणं खरोखर बरं होतं.

मग लोकांना गुण येतो तो कशाचा? पुन्हा वावरात या. कृषी विद्यापीठ सांगतं, पानाला सरासरी १० मावा दिसले की फवारा. म्हणजे आपण फवारतो तेच कीड चढलेली असताना. त्यानंतर एक जोराचा पाऊस आला की मावा धुऊन जातो. ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या उरलेला फस्त करतात. नुसतं पाणी फवारलं असतं तरी आठवड्याने कीड कमीच दिसली असती. दुखण्याचंही असंच असतं. कापूस वेचून गुडघे सोसवेनासे होतात त्या दिवशी माणूस औषधाला जातो, आणि सर्वांत वाईट दिवसानंतरचे दिवस बहुतेक वेळा थोडे बरेच असतात. थुजा हे होमिओपॅथीचं औषध ज्यासाठी देतात ते मुलांचे चामखीळ बहुधा दोन वर्षांत आपोआप झडतात. पाच मिलिमीटरच्या आतला मुतखडा बहुतेक वेळा लघवीवाटे पडतो. त्यात सोनोग्राफीत एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्यागणिक पडतो, म्हणून सहाचा खडा चारचा झाल्याचं कागदावरही दिसतं. एक दिवसाआड येणारा हिवताप तर दुसऱ्या दिवशी नसतोच. ‘गुण हळू येतो’ या वाक्यात हे सगळं मावतं, कारण हळू म्हणजे आजाराला ओसरायला मिळालेला वेळ. कावीळ उतरावी म्हणून घालतात ती काड्यांची माळ वाढत जाते, तीही अशीच फसवते. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते, आणि तेवढ्या आठवड्यांत कावीळ आपल्या क्रमाने उतरते.

‘जनावराला आणि तान्ह्या लेकरालाही गुण येतो, तो मनाचा खेळ कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण आजाराच्या चढउताराला मनाची गरजच नसते. आणि बैल बरा झाला हे सांगतो मालक.

उपाय शेतकऱ्याच्या हातातला आहे. पऱ्हाटीच्या काही ओळी औषधाच्या, काही ओळी नुसत्या पाण्याच्या. कुठल्या कशाच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि पानं मोजणाऱ्याला सांगायचं नाही. नुसतं पाणी यासाठी, की फवाऱ्याच्या धारेनेही मावा गळतो. माणसांवर असेच प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने असे १७६ अभ्यास तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष दिला, की होमिओपॅथी प्रभावी असल्याचा खात्रीलायक पुरावा एकाही आजारात नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधं लिहून देणं थांबवा असं डॉक्टरांना कळवलं. फ्रान्सने २०२१ पासून त्यांचा खर्च भरून देणं बंद केलं.

चामखिळीसाठी गोळ्या घेतल्या तर चार पैसे जातील. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तसं नाही. त्याची कळ काही दिवसांनी आपली आपण ओसरते, म्हणून तिथे कुठल्याही गोळीचा गुण दिसतो, आणि त्या भरवशावर हायड्रॉक्सीयुरिया हे त्याचं औषध सुटतं. ते रोज घेतल्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, तांबड्या पेशी कमी वाकतात, कळा कमी येतात. सुटलं की तो आधार काही आठवड्यांत ओसरतो. गडचिरोलीतल्या फॅल्सिपॅरम हिवतापात तर थांबायला एक-दोन दिवसही नसतात. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे बोट टोचून घ्यावं, पट्टीवरची रेघ पंधरा-वीस मिनिटांत दिसते.