शेजारसुरक्षा

एकाच गल्लीत, वसाहतीत किंवा इमारतीत राहणाऱ्या लोकांनी परस्परांच्या घरांवर, मुलामाणसांवर आणि सामाईक जागांवर लक्ष ठेवण्यासाठी, खटकणाऱ्या गोष्टी वेळेवर पोलिसांच्या कानावर घालण्यासाठी आणि अडीअडचणीला एकमेकांच्या मदतीला धावून जाण्यासाठी आपणहून उभी केलेली व्यवस्था म्हणजे शेजारसुरक्षा. तिचा सर्वांत परिचित आधुनिक प्रकार ‘नेबरहुड वॉच’ या नावाने ओळखला जातो. पगारी रखवालदार नेमणे हा तिचा भाग नव्हे आणि कायदा हातात घेऊन कोणाला शासन करणे तर मुळीच नव्हे. पाहणे, कळवणे आणि सोबत करणे एवढ्यावर ती उभी असते. या तिन्हींच्या मुळाशी शेजाऱ्यांची एकमेकांशी असलेली ओळख असते, आणि ती नसेल तर फलक, शिट्ट्या, कॅमेरे यांपैकी कशाचाही फारसा उपयोग होत नाही.

पोलीसदल ही संस्था जन्माला येण्यापूर्वी वस्तीचे रक्षण वस्तीनेच करायचे असे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या कारकिर्दीत १२८५ मध्ये झालेला विंचेस्टरचा कायदा हे याचे उत्तम उदाहरण आहे. तटबंदीच्या गावांच्या वेशी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद ठेवाव्यात, उन्हाळ्याच्या महिन्यांत रहिवाशांनी रात्रभर पहारा द्यावा, पहाऱ्यात सापडलेल्या अनोळखी माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवावे आणि हाकाटी झाली की सर्वांनी पाठलागात सामील व्हावे, असे त्यात सांगितले होते. बाजारगावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही अंगांची झाडी दोनशे फुटांपर्यंत तोडण्याचा हुकूमही त्यात होता. लुटारूंना दबा धरून बसायला आडोसा मिळू नये हा त्यामागचा हेतू, आणि ओक व इतर मोठे वृक्ष तेवढे त्यातून वगळले होते. लुटारू सापडलाच नाही तर नुकसानभरपाई त्या भागातील रहिवाशांकडून वसूल केली जाई. म्हणजे शेजाऱ्याचे रक्षण हा तेव्हा चांगुलपणाचा प्रश्न नव्हता, ते सक्तीचे कर्तव्य होते आणि ते चुकवल्यास खिशाला चाट बसत असे.

लंडनमध्ये १८२९ साली गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने पगारी, गणवेशधारी पोलीसदल स्थापन झाले आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर हे काम व्यावसायिक यंत्रणेकडे गेले. मोटारगाड्या आणि दूरध्वनी आल्यावर पायी गस्त मागे पडली. पोलिसांचा वस्तीशी रोजचा संबंध कमी झाला, आणि सुरक्षितता ही आपण करायची गोष्ट नसून बोलावून घ्यायची सेवा आहे, अशी रहिवाशांची समजूत होत गेली. या समजुतीला पहिला धक्का विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बसला. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये असे मांडले की रस्त्यावरची शांतता मुख्यतः पोलीस राखत नाहीत. दुकानदार, खिडकीत बसलेली माणसे, येणारे-जाणारे अशा असंख्य डोळ्यांच्या नकळत चाललेल्या देखरेखीतून ती राखली जाते.

त्यानंतर तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका तरुणीचा तिच्या घराजवळच रात्री खून झाला आणि अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहूनही कोणी पोलिसांना कळवले नाही, असे वृत्त गाजले. पुढे हे वृत्त बरेच अतिरंजित असल्याचे स्पष्ट झाले. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवले होते, तर एक शेजारीण धावत खाली जाऊन अखेरच्या क्षणी त्या तरुणीला धरून बसली होती. शेजाऱ्यांच्या बेपर्वाईचा दाखला म्हणून ही कथा अजूनही सांगितली जाते, हे त्या दोघांवर अन्याय करणारे आहे. या घटनेतून चालना मिळालेले संशोधन मात्र भक्कम होते. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात प्रश्नावली भरत बसलेल्या माणसाच्या खोलीत भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून ते कळवले. पण शेजारी दोन माणसे मुद्दाम थंड बसवून ठेवली, तेव्हा कळवणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आले. अनेकजण पाहत असले की ‘कोणीतरी कळवले असेल’ असे प्रत्येकालाच वाटते, आणि इतर स्वस्थ आहेत त्या अर्थी विशेष काही नसावे असा तो अर्थ लावतो. शेजारसुरक्षेची खरी उपयुक्तता इथे आहे, कारण कोणी कोणाला फोन करायचा हे ती आधीच ठरवून टाकते.

अमेरिकेत शेरीफांच्या, म्हणजे परगण्यांच्या पोलीसप्रमुखांच्या, राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये नेबरहुड वॉचचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. वाढत्या घरफोड्या हे त्याचे तात्कालिक कारण होते. ब्रिटनमध्ये चेशर परगण्यातील मॉलिंग्टन या गावाने १९८२ मध्ये तो उचलला आणि त्याच दशकात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्येही तशाच योजना सुरू झाल्या.

अशा गटाचे रोजचे काम फारच साधे असते. दहा-वीस घरांमागे एक समन्वयक असतो. त्याच्याकडे प्रत्येक घराचा दूरध्वनी क्रमांक, घरात एकटे राहणारे वृद्ध किंवा आजारी कोण, गावाला गेल्यावर किल्ली कोणाकडे असते, याची नोंद असते. बंद घर ओळखू येते ते बारीकसारीक खुणांवरून. दाराशी साचलेली वर्तमानपत्रे, भरून वाहणारी पत्रपेटी, दिवसाही जळत राहिलेला बाहेरचा दिवा, सलग काही दिवस न हललेले पडदे या त्या खुणा. शेजाऱ्याने रोज कागद उचलले, संध्याकाळी एखादा दिवा लावला आणि सकाळी मालवला, तर या खुणा राहतच नाहीत. किमती वस्तूंवर घराची ओळख पटवणारी खूण कोरून ठेवणे, बंद पडलेल्या पथदिव्याची तक्रार लावून धरणे, जिन्याखालचे काळोखे कोपरे उजळणे ही कामेही याच सदरात येतात. संशय आलाच तर काय टिपायचे हेही सदस्यांना शिकवले जाते. गाडीचा क्रमांक व रंग, वेळ, माणूस कोणत्या दिशेने गेला आणि नेमके काय करत होता हे लिहून ठेवावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘एक माणूस संशयास्पद वाटला’ या वाक्याचा पोलिसांना काहीच उपयोग नसतो, तर ‘एका माणसाने ओळीने तीन बंद दारांच्या कड्या हलवून पाहिल्या’ या वाक्याचा असतो.

या व्यवस्थेने गुन्हे खरोखर कमी होतात का, या प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाला. ट्रेव्हर बेनेट, केटी हॉलोवे आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी उपलब्ध मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार योजना असलेल्या भागांत, ती नसलेल्या तुलनीय भागांच्या मानाने गुन्ह्यांत १६ ते २६ टक्के घट दिसून आली. सर्वच योजनांना मात्र यश आले नव्हते, आणि घट कशामुळे झाली हे आढाव्यातून ठामपणे सांगता येत नव्हते.

कारणांचा उलगडा करायचा तर इंग्लंडमधील रॉचडेल शहरातल्या कर्कहोल्ट या वसाहतीकडे पाहावे लागते. तिथे घरफोड्यांचे प्रमाण विलक्षण होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी पोलिसांच्या नोंदी तपासल्या, चोरी झालेल्या कुटुंबांशी आणि पकडलेल्या चोरांशीही बोलणे केले, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या घरात एकदा चोरी झाली तिथे लवकरच पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त होता. आणि अनेक घरांत वीज व गॅससाठी नाणी टाकायचे मीटर होते, म्हणजे चोरासाठी घरोघरी रोकड भरलेली पेटीच ठेवलेली होती. ते मीटर काढले गेले, फुटलेल्या दारांना पक्की कुलुपे बसली, आणि चोरी झालेल्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना त्या एकाच घरावर लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. सबंध वस्तीवर सतत नजर ठेवा, असे सांगितले की कोणीच ठेवत नाही. शेजारच्या अमुक घरात परवा चोरी झाली आहे, तेवढे बघा, असे सांगितले की माणसे मनापासून बघतात. कर्कहोल्टचा हा धडा पुढच्या बहुतेक योजनांनी पुरेसा घेतला नाही, याचे वाईट वाटते.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास शिकागोचा आहे. रॉबर्ट सॅम्प्सन, स्टीफन रॉडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांनी शहराच्या ३४३ भागांतील ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष १९९७ मध्ये मांडले. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर रेंगाळत असतील, कोणी भिंतीवर रंग फासत असेल, घरासमोर मारामारी जुंपली असेल, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का, असे त्यांनी विचारले. इथली माणसे एकमेकांवर विश्वास टाकतात का, हेही विचारले. जिथे या दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती तिथे हिंसाचार कमी होता, आणि गरिबी व इतर घटकांचा प्रभाव गणितातून वजा केल्यावरही हा संबंध टिकून राहिला. वस्ती सुरक्षित राहण्यासाठी सर्वांची गाढ मैत्री असावी लागत नाही; प्रसंग आला तर बाजूचा माणूस गप्प बसणार नाही, एवढी खात्री पुरते.

ही खात्री सर्वत्र सारखी नसते. घरे स्वतःच्या मालकीची आहेत, वर्षानुवर्षे तीच कुटुंबे राहतात, अशा तुलनेने सुस्थित वस्त्यांत गट चटकन उभे राहतात. भाडेकरू सतत बदलणाऱ्या, लोक दोन-दोन पाळ्यांत राबणाऱ्या आणि पोलिसांवर भरवसा नसलेल्या वस्त्यांत, जिथे गरज सर्वाधिक असते, तिथे ते उभे राहत नाहीत किंवा टिकत नाहीत. बैठकांत फक्त चोऱ्यांच्याच हकिकती निघाल्या तर लोक निर्धास्त होण्याऐवजी अधिक घाबरतात, हेही दिसून आले आहे. गुन्हे थंडावले की उत्साह ओसरतो आणि खांबावरचा गंजका फलक तेवढा उरतो.

याहून गंभीर धोका अनोळखी माणसाविषयीच्या संशयात आहे. टोकियो-योकोहामा परिसरात १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या प्रलयंकारी भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष टाकत असल्याच्या खोट्या अफवा पसरल्या, आणि रहिवाशांनी ‘स्वरक्षणासाठी’ उभारलेल्या पथकांनी, पोलीस व लष्करातील काहींच्या साथीने, निरपराध कोरियनांची कत्तल केली. बळींच्या संख्येचे संशोधकांचे अंदाज हजारोंच्या घरात आहेत. अलीकडच्या काळात, २०१२ मध्ये, अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या सॅनफर्ड येथे नेबरहुड वॉचच्या एका सशस्त्र स्वयंसेवकाने सतरा वर्षांच्या नि:शस्त्र कृष्णवर्णीय मुलाचा पाठलाग केला आणि झटापटीत त्याला गोळी घातली. तुम्ही पाठलाग करण्याची गरज नाही, असे पोलिसांच्या दूरध्वनी कक्षाने त्याला आधी सांगितले होते. न्यायालयात तो निर्दोष सुटला. पण शस्त्र बाळगू नये, पाठलाग करू नये, कोणाला अडवू नये हे नेबरहुड वॉचचे मूळ दंडक कशासाठी आहेत, हे या घटनेने साऱ्या जगाला दाखवून दिले. शासनच शेजाऱ्यांना शेजाऱ्यांवर पाळत ठेवायला लावते तेव्हा या व्यवस्थेचे रूप पार पालटते. जपानमध्ये १९४० पासून दहा-पंधरा घरांचे सक्तीचे गट शिधावाटप आणि अग्निशमनाबरोबरच वेगळ्या मताच्या माणसांवर नजर ठेवण्यासाठीही वापरले गेले आणि युद्धानंतर ते बरखास्त करण्यात आले.

मोबाइलमुळे बैठक आणि फलक यांची जागा आता बरीचशी व्हॉट्सॲप गटांनी घेतली आहे. नेदरलँड्समध्ये असे गट हजारोंनी आहेत आणि वस्तीच्या तोंडाशी त्यांचे फलकही दिसतात. तिथे सदस्यांना क्रम शिकवला जातो तो असा: आधी नीट पाहा, मग ११२ या आपत्कालीन क्रमांकावर पोलिसांना कळवा, त्यानंतरच गटात संदेश टाका, आणि स्वतःला धोका होणार नाही अशा बेताने काही करता आले तर करा. पोलिसांना कळवणे आधी आणि गटाला कळवणे नंतर, हा क्रम फार विचारपूर्वक ठरवलेला आहे. तो उलटा झाला की कोणाचे तरी छायाचित्र शंभर मोबाइलवर फिरते, अफवा माजते, आणि पोलिसांना फोन मात्र कोणीच केलेला नसतो.

चोरी-मारामारीच्या पलीकडे, आपत्तीच्या वेळी शेजाऱ्यांचे मोल सर्वाधिक असते. जपानमधील कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक मरण पावले. ढिगाऱ्यांतून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले, कारण रस्ते बंद होते आणि बचावपथके एकाच वेळी सगळीकडे पोहोचू शकत नव्हती. कोणत्या खोलीत कोण झोपते हे शेजाऱ्यांना माहीत असले तर कुठे खणायचे हेही कळते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक लोक दगावले. त्यांत एकटे राहणारे, कोणी दार न ठोठावलेले वृद्ध मोठ्या संख्येने होते. नुसती तळमळ मात्र पुरत नाही. मेक्सिको सिटीच्या १९८५ च्या भूकंपात स्वयंस्फूर्तीने धावलेल्या लोकांनी सुमारे आठशे जणांना वाचवले, पण ते करताना शंभराच्या आसपास मदतकर्ते स्वतःच प्राणाला मुकले. हा अनुभव समोर ठेवून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच सुमारास रहिवाशांना प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. छोटी आग विझवणे, गॅसची तोटी बंद करणे, जखमींची वर्गवारी करणे, तरफ आणि ठोकळे वापरून जड वस्तू सावकाश उचलणे, नेहमी जोडीने काम करणे, आणि इमारत कोसळण्याच्या बेतात असेल तर आत पाऊल न टाकणे, हे त्यात शिकवले जाते. १९९३ पासून हे प्रशिक्षण अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत देशभर उपलब्ध झाले.