खोंग चियमची सहल: पैसे भरण्याआधी हे वाचा

या सहलीची चौकशी करायला येणारे बहुतेक जण मोबाइलवर एकच फोटो दाखवतात: अर्धी नदी तपकिरी, अर्धी निळी. "हे असंच दिसतं ना?" दिसतं, पण रोज नाही.

खोंग चियम हा थायलंडच्या उबोन राचथानी प्रांतातला, देशाच्या पूर्व टोकाचा तालुका. इथे मून नदी मेकाँगला मिळते. पलीकडचा काठ लाओसचा. इथली म्हणच आहे, खोंग (म्हणजे मेकाँग) चुन्याच्या रंगाची, मून निळीच्या रंगाची. चुना आपल्यासारखा पांढरा समजू नका; तिकडे विड्याचा चुना हळद मिसळून तांबूस करतात. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ होतात आणि फरक पुसला जातो. 2019च्या अखेरीस तर उलटंच झालं. मेकाँगच काही ठिकाणी निळसर दिसू लागली. वरच्या धरणांत गाळ अडकल्यामुळे असं झाल्याचं अभ्यासकांचं म्हणणं. म्हणून दोन रंगांची हमी आम्ही देत नाही. कोरड्या महिन्यांत नेतो, एवढंच आमच्या हातात.

त्याच महिन्यांत याच प्रांतातल्या फो साय तालुक्यातलं साम फान बोकही उघडं पडतं. नावाचा अर्थ 'तीन हजार खळगे'. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील, तर हे कसे झाले ते समजवायला नको: भोवऱ्यात गरगरणारे गोटे खडक कोरत जातात. फक्त आपल्याकडे काळा बसाल्ट, तिथे वालुकाश्म. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं, तेव्हा "जुलैत स्वस्त पडेल का?" असं कृपया विचारू नका. स्वस्त पडेल, पण दिसणार काय?

आमच्या मते खरी पाहण्याची जागा फा तेमचा कडा. त्याच्या पोटाशी लाल रंगातली, सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची चित्रं आहेत: हाताचे ठसे, हत्ती, मासे पकडायचे सापळे आणि मेकाँगचा तो प्रचंड पंगास जातीचा मासा, ज्याला तिथे 'पला बुक' म्हणतात. कड्यावरून खाली पायवाटेनं उतरायचं आणि पुन्हा चढायचं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. वरूनही नदी आणि लाओसचे डोंगर छान दिसतात. सूर्योदयाला जायचं तर अंधारात उठावं लागेल.

मासे आज तितके राहिलेले नाहीत. संगमापासून थोडं वर, मूनवर, पाक मून धरण 1994 साली पूर्ण झालं. क्षमता 136 मेगावॅट. माशांची वर जायची वाट अडली, मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. होडीवाले हा विषय काढतील किंवा काढणार नाहीत. आपण खोदून विचारू नये.

सीमेबद्दल. होडीतून लाओसचा काठ हाताशी वाटला तरी तिथे उतरता येत नाही. लाओसला जायचं तर दक्षिणेला सिरिन्धोर्न तालुक्यातल्या चोंग मेक नाक्यावरून, वेगळ्या कागदपत्रांनिशी. जुलै 2025 मधल्या चकमकी कंबोडियाच्या सीमेवर झाल्या, इथे नाही. पण उबोन प्रांताची एक बाजू कंबोडियालाही लागते, त्यामुळे निघण्याआधी सरकारी सूचना बघूनच आम्ही तारीख पक्की करतो. व्हिसाचे नियम बदलत असतात. बुकिंगच्या दिवशी असतील ते लेखी देऊ.

जेवण: चिकट भात, बांबूच्या टोपलीतून, हातानं. चवीला छान लागतो. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम तामात, मात्र मुरवलेला मासा, माशाचं पाणी, सुकी कोळंबी, काहीही असू शकतं. शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. तसं जेवण मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. खेड्यात मात्र रोज मिळेलच असं नाही. ठेपले, चटण्या सोबत घ्याच.

प्रवास असा: मुंबईहून बँकॉक, तिथून विमानानं तासाभरात किंवा रात्रीच्या रेल्वेनं उबोन, मग साधारण 80 किलोमीटर गाडीनं. घड्याळ दीड तास पुढे करायचं. गावात मॉल नाही, रात्रीची धमाल नाही, संध्याकाळी आठनंतर सामसूम. ज्यांना हे चालणार नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे दुसऱ्या सहली आहेत.