पार्श्वभूमी : जनावरांच्या रोगजंतूंवरचा कायदा आणि सोलापूरचे बाजार

सप्टेंबर 2022 मध्ये लंपी या गायी-बैलांच्या संसर्गजन्य त्वचारोगामुळे अख्खा महाराष्ट्र ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाला. जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं, वाहतूक, सगळ्यांवर बंदी आली. सांगोल्याच्या बाजारात खिलार बैलांचे सौदे थांबले आणि नोव्हेंबरमध्ये पंढरपुरात कार्तिकीला भरणारा जनावरांचा बाजारही झाला नाही. या बंदीला आधार होता तो जनावरांचे संसर्गजन्य रोग रोखण्यासाठीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याचा. प्रयोगशाळेतले रोगजंतू बाहेर निसटू नयेत, हेही तोच कायदा सांगतो. ही दुसरी बाजू फारशी चर्चेत येत नाही.

ब्रिटिश काळातले दोन केंद्रीय कायदे घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी झाले. 1899 चा ग्लँडर्सचा, 1910 चा डौरिनचा. शेतकऱ्याची दावण रिकामी करत होती ती बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, पण हे दोन्ही कायदे घोड्यांपुरते. जंतूंवर काम करणारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात सुरू झाली. दाट वस्तीजवळ असले जंतू ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. तेव्हाची जैवसुरक्षा म्हणजे मुख्यतः अंतर.

स्वातंत्र्यानंतर पशुरोग हा राज्यांचा विषय राहिला. मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा 1948 चा. रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ न देणं मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत आहे. विजापूरला लागून असलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्याला या तरतुदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची जनावरं सीमा विचारून चरत नाहीत.

रोगजंतूंवरचा पहिला नेमका अंकुश 1989 च्या नियमांनी आला. ते 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. जनुकबदल केलेल्या जीवांचे नियम म्हणूनच ते ओळखले जातात, पण घातक सूक्ष्मजीवांची निर्मिती, वापर, आयात-निर्यात आणि साठवणूकही त्यांत येते. प्रयोगशाळेतून जंतू निसटण्याची धास्ती कागदी नव्हती. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात लाळ्या-खुरकुताचा विषाणू संशोधन आणि लसनिर्मितीच्या आवारातून, गळक्या सांडपाण्याच्या व्यवस्थेमुळे, बाहेर पडला आणि आसपासच्या गोठ्यांत पोचला. बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुढचा प्रश्नही हाच होता : शीतपेट्यांत उरलेल्या विषाणूचं काय करायचं?

2009 च्या कायद्याने ग्लँडर्स आणि डौरिनचे दोन्ही जुने कायदे रद्द केले. लस, निदान किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेतून अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, रोगाचा जंतू निसटू नये, निसटलाच तर संबंधितांना सावध करावं, अशी तरतूद त्यात आहे. पण कायद्याचा मोठा भाग कळवणं, वेगळं बांधणं, दाखले, तपासणी नाके आणि बाजारबंदी यांनी भरला आहे. भार पडतो तो जनावर पाळणाऱ्यावर.

2022 च्या बंदीवरचा वाद इथूनच पेटला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी आढळला आणि महिनाभरात सगळं राज्य एका आदेशाखाली आलं. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड होता : एका बाजारात पाच तालुक्यांची जनावरं एकमेकांना घासतात आणि संध्याकाळी टेम्पोतून शंभर मैल जातात. लशीचा परिणाम दिसायलाही तीन-चार आठवडे लागतात. उलट बाजू अशी की लंपी चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमधूनही पसरतो. बाजार बंद केला म्हणून गोठ्यातली माशी थांबत नाही. कायद्यात तालुका किंवा गावापुरतं क्षेत्र ठरवायची सोय असताना, जिथे एकही बाधित जनावर नव्हतं तिथेही तीच बंदी का? शिवाय वेळ वाईट. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर, बैलजोडी घ्यायची ती याच दिवसांत. सरकारी मदत गाय 30,000, बैल 25,000, वासरू 16,000 रुपये अशी ठरली. ती मेलेल्या जनावराची, न झालेल्या सौद्याची नाही. पहिल्या काही आठवड्यांची सरसकट बंदी समजू शकते. ती जिल्ह्यागणिक सैल करण्याचे निकष सुरुवातीलाच जाहीर करता आले असते, एवढं तरी म्हणावंच लागतं.

त्याच काळात तालुक्याच्या दवाखान्यांतून खपल्या आणि रक्ताचे नमुने बाहेर जात होते. अशा नमुन्यासाठी ठरलेली पद्धत तिहेरी वेष्टनाची : गळणार नाही अशी कुपी, तिच्याभोवती ओल शोषणारं अस्तर आणि दुसरा डबा, वर टणक खोका. खात्रीची तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. तिथे आत-बाहेर जाणाऱ्या हवेचा आणि सांडपाण्याचाही बंदोबस्त असतो. 2009 ची जंतू निसटण्याची तरतूद मात्र निर्मिती, चाचणी आणि संशोधन करणाऱ्यांना उद्देशून आहे. नुसता नमुना काढून एसटीने किंवा गाडीने पुढे धाडणारा तालुक्याचा दवाखाना तिच्यात कितपत येतो, हे तिच्या शब्दांवरून स्पष्ट होत नाही.