चार चाकं आहेत म्हणून एटीव्ही उलटत नाही?

एटीव्ही म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटांवर चालवायची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली उघडी गाडी. ‘चार चाकं आहेत, पडणार कशी?’ हा समज जीवघेणा आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये नव्या तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली. चारचाकी त्यांच्याहून स्थिर खऱ्या, पण त्याही उलटतात. गाडी उंच, चाकांमधलं अंतर कमी. वळणावर तोल सांभाळायला चालवणाऱ्याला आतल्या बाजूला झुकावंच लागतं. एकट्यासाठीच्या सीटवर मागे कुणी बसलं की ती हालचालच अडते. बऱ्याच मॉडेल्सची मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात: मातीत घसरून वळतात, डांबरावर मात्र अडतात आणि गाडी पलटी होऊ शकते. हेल्मेट डोकं वाचवतं, गाडीखाली चिरडलेली छाती नाही.

भाड्याच्या गाडीसाठी ‘अपघात झाला तर मालक जबाबदार नाही’ अशा फॉर्मवर सही केली म्हणजे मालक सुटला, हेही सरसकट खरं नाही. ब्रेक बिघडलेत हे माहीत असूनही गाडी दिली, तर अनेक ठिकाणी ती सही त्याला वाचवत नाही.