दुर्मिळ पक्षी शहरातच का दिसतात?

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर फोटो फिरू लागतात, 'मुंबईत दिसला दुर्मिळ पाहुणा'. खाली ठरलेलं वाक्य असतं, की शहराचं पर्यावरण सुधारतंय म्हणून पक्षी परत येताहेत. 2020च्या टाळेबंदीत फ्लेमिंगोंबद्दलही हेच लिहिलं गेलं. वास्तविक शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलावर ते 1990च्या दशकापासून येताहेत. त्यांना लागणारं सूक्ष्म शेवाळ तिथे इतकं वाढतं, त्यात खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदाचा मोठा हात आहे. तेव्हा पक्षी दिसला म्हणजे पाणी स्वच्छ झालं, हे समीकरण मुळातच लंगडं आहे. एकट्यादुकट्या दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत तर ते लागूच पडत नाही. असा पक्षी बऱ्याचदा वाट चुकलेला, पहिल्याच हिवाळ्यातला नवखा पक्षी असतो.

लाल छातीचा माशीमार घ्या. चिमणीहून लहान, वजन जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. पूर्व युरोपापासून पश्चिम सायबेरियापर्यंतच्या जंगलांत त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो भारतात येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो नेमाने असतो. काही महिन्यांचं पिल्लू हा प्रवास रात्री, आईबापांच्या सोबतीशिवाय करतं. त्याच्याजवळ नकाशा नसतो. वारशाने मिळालेल्या दोनच गोष्टी असतात, कोणत्या दिशेने उडायचं आणि साधारण किती दिवस उडायचं.

नकाशा नसतो हे कशावरून? 1950च्या दशकात डच शास्त्रज्ञ पर्डेक यांनी केलेल्या प्रयोगाचं मला आजही अप्रूप वाटतं. बाल्टिक भागातून येणाऱ्या युरोपी मैना (आपल्या साळुंकीच्या कुळातल्या) नैर्ऋत्येला उडत उत्तर फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंडला हिवाळा काढतात. पर्डेक यांनी हेग शहराजवळ अकरा हजारांहून अधिक मैना पकडल्या, पायांत कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. पुढे ती कडी कुठे सापडली हे पाहिल्यावर पक्ष्यांचे सरळ दोन गट पडले. आधी एकदा प्रवास केलेल्या प्रौढ मैना वळल्या आणि वायव्येला, आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे गेल्या. नवख्या मैना मात्र काही घडलंच नाही अशा थाटात नैर्ऋत्येला उडत राहिल्या आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये पोचल्या. म्हणजे दिशा जन्मजात असते, पण 'मी आता कुठे आहे' हे कळायला एक फेरी पदरी असावी लागते.

आता थोडा हिशेब करू. समजा प्रवास 5,000 किलोमीटरचा आहे आणि दिशा 8 अंशांनी चुकली. पाच हजारला 8 अंशांच्या ज्येने (sine) गुणा. उत्तर येतं सुमारे 700 किलोमीटर. मुंबई-नागपूर हवाई अंतर जवळपास एवढंच आहे. त्यात वारा धरा. छोटा पक्षी ताशी 40 किलोमीटरने उडतोय, बाजूने ताशी 20 किलोमीटरचा वारा आहे आणि आठ तासांच्या रात्रीत पक्ष्याने तोंड जराही वळवलं नाही, तर तो एका रात्रीत 160 किलोमीटर बाजूला सरकतो. प्रौढ पक्षी ही भरपाई करतो, नवख्याला ती नीट जमत नाही.

ती 8 अंशांची चूक येते कुठून? काही वेळा जनुकांतल्या फरकातून, काही वेळा पक्ष्याच्या अंगातलं दिशा ओळखणारं होकायंत्र नीट न जुळल्यामुळे. ते जुळतं कसं, हे अमेरिकेत शास्त्रज्ञ एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग या पक्ष्यावर दाखवलं. त्यांनी पिल्लं तारांगणात वाढवली, पण कृत्रिम आकाश ध्रुवताऱ्याऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी (Betelgeuse) या ताऱ्याभोवती फिरवलं. स्थलांतराच्या दिवसांत ही पिल्लं काक्षीलाच उत्तर धरून तिच्याकडे पाठ करून निघू पाहू लागली. ताऱ्यांची जागा त्यांना उपजत ठाऊक नव्हती. आकाशाचा जो बिंदू फिरत नाही तो शोधायचा, एवढंच उपजत होतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं होकायंत्र त्याच्या जोडीला असतं, आणि ही दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिली जातात.

शहर इथेच आडवं येतं. ढगाळ रात्री तारे झाकलेले असताना खालचा झगमगाट पक्ष्यांना ओढून घेतो. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या स्मृतीसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांचा रडारने अभ्यास झाला. सात रात्रींत मिळून सुमारे 11 लाख पक्ष्यांवर त्यांचा परिणाम झाला होता. दिवे मालवले की काही मिनिटांत थवे पांगत. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. मुंबईला शिवाय समुद्राची कड आहे. रात्री भरकटून पाण्यावर गेलेला जमिनीवरचा पक्षी पहाटे दिसेल त्या किनाऱ्याला लागतो. आणि पक्षीनिरीक्षकांच्या आवडत्या भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात रविवारी जेवढ्या दुर्बिणी असतात, तेवढ्या कित्येक तालुक्यांत वर्षभरातही नसतात. 'शहरातच दिसला' याचा अर्थ पुष्कळदा 'शहरातच कोणी पाहिला' एवढाच असतो.

त्यातही पाहिलेला खरंच दुर्मिळ होता का, हा प्रश्न उरतोच. दर वर्षी कुठेतरी सापडलेलं पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याचं 'विदेशी घुबड' बातमीत झळकतं आणि त्याला अपशकुनी ठरवून लोक दगडही मारतात. ते आपलं गव्हाणी घुबड. बारा महिने इथेच राहतं, रोज उंदीर मारतं. माणसाच्या भल्याबुऱ्याशी त्याचा संबंध असलाच तर तो एवढाच.

माशीमारातली खरी परीक्षा वेगळी आहे. लाल छातीच्या माशीमाराचा सायबेरियातला भाऊ, तैगा माशीमार, पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात हिवाळा काढतो. पश्चिम किनाऱ्यावर तो दुर्मिळ. दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, दोघेही शेपटी वर झटकतात. डिसेंबरात गळा तांबडा असेल तर तो जवळजवळ नक्की नेहमीचाच, म्हणजे लाल छातीचा, कारण तैगाचा नर हिवाळ्यात तो रंग गमावतो. गळा फिकट असेल तर शेपटीच्या मुळावर वरून येणारी पिसं पाहा. तैगात ती काळीकुळकुळीत, शेपटीहूनही गडद असतात. नेहमीच्यात शेपटीएवढी गडद किंवा तिच्याहून फिकट. मग चोच पाहा. नेहमीच्याच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट असतं, तैगाची चोच पूर्ण काळी. बहुतेक फोटो इथेच फसतात. पक्षी वर, आपण खाली, त्यामुळे पोट आणि हनुवटीच येते. किंवा पानांची सावली पाठीवर पडून राखाडी पिसं काळी दिसतात. पक्षी खाली फांदीवर येऊन पाठमोरा होईपर्यंत थांबा, उजेड तुमच्या मागून असू द्या आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करा. नेहमीच्याची टर्रर्र सावकाश, एकेक ठोका मोजता येईल अशी. तैगाची जलद, किड्याच्या किरकिरीसारखी.

खाडीवरच्या पक्ष्यांसाठी भरतीचं वेळापत्रक आधी पाहा. ओहोटीत ते किलोमीटरभर दूर चिखलात ठिपक्यांसारखे असतात. भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचलात तर चढतं पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. बदक अनोळखी आणि फार धीट वाटलं तर पायात कडं, छाटलेली किंवा झिजलेली पिसं दिसतात का ते तपासा. पाळलेले पक्षीही सुटून तलावात येतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुर्मिळ नोंद केली की ती परीक्षकाकडे जाते. 'फोटो काढला' एवढ्याने भागत नाही, कोणत्या खुणा पाहिल्या आणि कोणती जवळची जात का बाद केली ते लिहावं लागतं. पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर त्याचा आवाज मात्र लावू नका. इतक्या लांबून आलेल्या दहा ग्रॅमच्या जिवाकडे चरबी फारशी उरलेली नसते, आणि खोट्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करण्यात त्याचा चरायचा वेळ जातो.